सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढे नेमके काय?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन पूर्ण केली. नीटचे गुण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके नाहीत, खासगी महाविद्यालयाची फी आमच्या आवाक्याबाहेरची आहे आणि पुन्हा एक वर्ष क्लासमध्ये घालवायची तिची इच्छा नाही. तिला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची आहे. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे असे, की ‘मायक्रो’ केलेली मुले शेवटी रक्त-लघवी तपासत बसतात, त्यापेक्षा फार्मसी केलेली बरी. दुसरीकडे तिच्या क्लासचे सर बायोटेक्नॉलॉजी घ्यायला सांगत आहेत. या विषयात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी, विषय किती सुंदर आहे यापेक्षा रोजचे काम काय असते, पुढे सरकता येते का आणि कोणता निर्णय कधी घ्यावा लागतो, हे सांगितले तर फार मदत होईल. आम्ही कराड भागात राहतो. गरज असेल तर तिला पुण्याला ठेवण्याची आमची तयारी आहे, मात्र त्या खर्चाचे चीज व्हावे अशी अपेक्षा आहे.

ऑटोक्लेव्ह१२१

अंबरनाथ आणि नंतर गोव्यातील वेर्णा येथे औषध कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) मायक्रोबायोलॉजी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

प्रथम घरातल्या मोठ्यांच्या समजाविषयी. रक्त-लघवीच्या तपासणीसाठी डीएमएलटीसारखे (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. माझ्या पाहण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांना सर्वांत जास्त सामावून घेणारे क्षेत्र औषधनिर्मितीचे आहे, आणि तेथे रुग्णाची तपासणी होत नाही. औषध, ते बनवायला वापरलेले पाणी, ते जेथे भरले जाते त्या खोलीतील हवा आणि ते भरणाऱ्या माणसाचे हातमोजे यांची तपासणी होते. इंजेक्शनची प्रत्येक बॅच बाजारात जाण्यापूर्वी तिची निर्जंतुकता चाचणी करावी लागते. नमुना गाळणपटलातून गाळून ते पटल दोन वेगवेगळ्या माध्यमांत, म्हणजे जंतू वाढण्याजोग्या पोषक द्रावांत, घालतात. एक माध्यम ३० ते ३५ अंश सेल्सिअसला आणि दुसरे २० ते २५ अंशांना, असे १४ दिवस ठेवून त्यात गढूळपणा येतो का ते पाहतात. इंजेक्शनसाठीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे १० पेक्षा अधिक जिवाणू चालत नाहीत, आणि मेलेल्या जिवाणूंच्या भित्तिकेतून सुटणाऱ्या एन्डोटॉक्सिन या विषारी द्रव्याची तपासणी त्याखेरीज वेगळी असते.

हे काम ऐकायला एकसुरी वाटते आणि बऱ्याच अंशी ते तसे आहेही. कस लागतो तो प्लेट वाचताना. ॲसेप्टिक, म्हणजे निर्जंतुक राखलेल्या, भागात चार तास उघडी ठेवलेली सेटल प्लेट (हवेतले जंतू पडावेत म्हणून ठेवलेली, आगर या पोषक जेलीची बशी) उबवणीनंतर इन्क्युबेटरमधून बाहेर येते. ती उजेडासमोर तिरपी धरली की एखाद्या वेळी अगदी कडेला, आगर जेथे बशीला टेकतो त्या रेषेवर, टाचणीच्या टोकाएवढी पांढुरकी वसाहत, म्हणजे वाढलेल्या जंतूंचा ठिपका, दिसते. ग्रेड ए, म्हणजे सर्वांत स्वच्छ, भागात अपेक्षित आकडा शून्य असतो. तुम्ही वहीत ‘१’ लिहिले की चौकशी सुरू होते, बॅच अडकते, उत्पादन विभागाचे फोन सुरू होतात, आणि ‘नीट बघितलेस ना?’ हा प्रश्न अशा सुरात विचारला जातो की नवख्या मुलाने ‘०’ लिहावे. अमेरिकेच्या एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) निरीक्षक येतात तेव्हा ते इन्क्युबेटरमधील प्लेट स्वतः काढून वाचतात आणि वहीतील आकड्याशी ताडून पाहतात. ज्याला ‘१’ दिसल्यावर ‘१’च लिहिता येतो त्याने या क्षेत्रात यावे, बाकी तंत्र सहा महिन्यांत शिकता येते.

पुढे सरकण्याविषयी सांगायचे तर, औषध नियमांनुसार चाचण्या करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते आणि ती मायक्रोबायोलॉजिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटल अशी चाचणीच्या प्रकारानुसार मिळते. नोकरीच्या जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ असे जे लिहिलेले असते ते हेच. पदवीनंतर अनुभव घेऊन ही मान्यता मिळवली की माणसाची किंमत बदलते. त्याआधीचा पगार तुटपुंजा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

वाळूज_नाका

तुटपुंजा म्हणजे किती, हेही सांगावे. आमच्या औद्योगिक वसाहतीत नुसत्या बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान हातात पडतात, तेही बऱ्याचदा कंत्राटदारामार्फत. एवढ्यासाठी पुण्यात तीन वर्षे खोलीभाडे आणि मेस भरायची का, याचा आईवडिलांनी हिशेब करावा. एम.एस्सी. करायचीच असेल तर पदवी घराजवळ आणि पदव्युत्तर शिक्षण मोठ्या शहरात, हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मळी_आणि_मद्यार्क

वरच्या सदस्यांशी पगाराबाबत सहमत आहे, परंतु सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे औषध कंपनी एवढेच चित्र उभे राहू नये म्हणून लिहितो. कराड-सांगली-कोल्हापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आपल्या दाराशी असलेल्या सर्वांत मोठ्या सूक्ष्मजीव-उद्योगाकडे दुर्लक्ष करावे याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या साखर कारखान्यांना आता आसवनी (अल्कोहोल बनवणारा विभाग) जोडलेली आहे आणि आसवनीचा जीव यीस्टमध्ये असतो.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत फर्मेंटेशन विभाग सांभाळतो. प्रयोगशाळेतील तिरप्या आगरावरची यीस्ट चंचुपात्रातून छोट्या टाकीत, तेथून मोठ्या टाकीत अशी वाढवत नेऊन लाखो लिटरच्या फर्मेंटरपर्यंत (आंबवण्याच्या टाकीपर्यंत) पोहोचवायची असते. मळी (साखर काढल्यावर उरलेला दाट पाक) पातळ करून सोडली की काही तासांत वॉश, म्हणजे आंबणारे ते मिश्रण, उसळू लागतो आणि तापमान चढू लागते. ३२-३३ अंशांच्या आसपास ते राखले तर यीस्ट कामाची. थंड पाण्याचा पंप बंद पडून ते ३६-३७ वर गेले की यीस्ट दमते, लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंचे फावते आणि ज्या साखरेचे अल्कोहोल व्हायचे तिचे आम्ल होते. अशा वेळी फर्मेंटरच्या झाकणाजवळ नुसते उभे राहिले तरी नेहमीच्या गोडसर, फळासारख्या वासाऐवजी आंबट वास नाकात शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली मेथिलीन ब्लूने रंगवलेला थेंब पाहिला तर निळ्या, म्हणजे मेलेल्या, पेशी वाढलेल्या दिसतात. प्रयोगशाळेतून व्होलाटाइल ॲसिडिटीचा (आंबटपणाचा) आकडा यायच्या आत फोरमनला काय करायचे ते सांगणे, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम आहे.

आसवनीतून बाहेर पडणारे स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावरचे सांडपाणी, हा दुसरा विषय. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघते, आणि ते ओढ्यात सोडले तर मासे मरतात हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. त्याच्यापासून मिथेन तयार करणारे जिवाणू सांभाळणे हे यीस्ट सांभाळण्यापेक्षा कठीण काम आहे, कारण ते सावकाश वाढतात आणि एकदा टाकी आंबली की पुन्हा मार्गावर यायला आठवडे घेतात. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तेथे अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते आणि आमच्याकडचे निम्मे तांत्रिक लोक तेथूनच आलेले आहेत.

या क्षेत्राचा धोकाही सांगतो. आसवनीचे भवितव्य सरकारच्या इथेनॉल धोरणाला बांधलेले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले तेव्हा नव्याने कर्ज काढून विस्तार केलेल्या कारखान्यांचे डोळे पांढरे झाले. पुढच्या वर्षी ते निर्बंध उठले. शिवाय सहकारी कारखान्यात भरती कशी होते हे आपण जाणताच, त्यावर अधिक लिहीत नाही.

पेट्रीबशी

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अनुदानित महाविद्यालयात हा विषय शिकवते. क्लासच्या सरांनी सुचवलेल्या बायोटेक्नॉलॉजीबद्दल थोडे स्पष्ट बोलते.

पुष्कळ महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र हा जुना, अनुदानित विषय आहे आणि बायोटेक्नॉलॉजी हा नंतर सुरू झालेला विनाअनुदानित अभ्यासक्रम आहे. त्यामुळे एकाच इमारतीत एका विषयाची फी दुसऱ्याच्या कित्येक पट असते. पदवी स्तरावर दोन्हींचा बराचसा भाग सामाईक आहे आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी पुढे बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला जाऊ शकतो. ‘टेक्नॉलॉजी’ हे नाव ऐकून अधिक फी भरणाऱ्या पालकांना तीन वर्षांनंतर कळते, की कंपनीच्या मुलाखतीत मुलाला ग्रॅम स्टेनिंगमध्ये (जिवाणू रंगवून ओळखण्याच्या पद्धतीत) अल्कोहोल किती वेळ ठेवतोस हेच विचारले गेले आणि त्याने ते आयुष्यात दोनदाच केले होते. जनुक अभियांत्रिकीची गोडी असलेल्यांनी बायोटेक्नॉलॉजी जरूर घ्यावे, पण ज्या महाविद्यालयात त्यासाठीची उपकरणे विद्यार्थ्यांच्या हाती देतात तेथेच.

महाविद्यालय निवडताना नावापेक्षा प्रयोगशाळा पाहा. प्रवेशाच्या आधी जाऊन विचारा, की प्रत्येक विद्यार्थी स्वतःची प्लेट ओततो का, की पाच जणांच्या गटाला एक मिळते? सबंध वर्गाची स्ट्रीकिंग (बशीवर जिवाणू रेघांनी पसरवणे) एकच हुशार मुलगी करते आणि बाकीचे जर्नलमध्ये आकृती उतरवतात, असे प्रकार सर्रास चालतात. मॅकॉन्की आगर या माध्यमावर गुलाबी वसाहत आली की ती ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची, असे पाठ केलेली मुले, तीच गुलाबी वसाहत क्लेब्सिएला या दुसऱ्या जिवाणूचीही असू शकते आणि म्हणून पुढच्या जीवरासायनिक चाचण्या कराव्या लागतात, या प्रश्नावर गप्प होतात. ज्या मुलीला एकाच वेळी पळी, ज्योत, नळी आणि बूच सांभाळत, हवेतले काही आत जाऊ न देता काम करायचा हात बसला आहे, ती कोणत्याही कंपनीत पहिल्या आठवड्यात ओळखू येते. हा हात पुण्यातच बसतो असे नाही. आमच्या परिसरातील काही जुने विभाग या बाबतीत शहरी महाविद्यालयांपेक्षा सरस आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथ्या वर्षी ऑनर्स करता येते, आणि अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची तरतूद आहे. ही तरतूद ‘सर्टिफिकेट आणून द्या’ एवढ्यावर उरकली जाते की खरोखर दूध संघात, पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवले जाते, हेही विचारून घ्यावे.

प्राध्यापकीचे स्वप्न असेल तर एक कटू वस्तुस्थिती सांगते. एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापक-पात्रता परीक्षा झाल्यावरही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. पूर्णवेळ जागा भरल्या जातात तेव्हाची गर्दी पाहिली की मन विषण्ण होते. केवळ प्राध्यापकी हेच ध्येय ठेवून मी आज कोणालाही या विषयात ढकलणार नाही.

परळकर

पॅथॉलॉजी लॅबचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्र आणि विज्ञान शाखेतील सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या शिड्या वेगळ्या आहेत. एमबीबीएसनंतर एम.डी. मायक्रोबायोलॉजी केलेला डॉक्टर रुग्णाच्या रिपोर्टची जबाबदारी घेतो. एम.एस्सी. मेडिकल मायक्रोबायोलॉजी केलेली व्यक्ती तेच कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवण्याची चाचणी) लावते, तीच प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणी वाचते, पण रिपोर्टवरील सहीचा अधिकार हा दोन्ही बाजूंत सतत वादाचा विषय राहिला आहे आणि तो न्यायालयापर्यंत गेलेला आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्याच्या जागांबाबतही असेच. वैद्यकीय शिक्षणाच्या २०२० मधील नियमांनी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एम.एस्सी.-पीएच.डी. झालेल्यांना जवळजवळ दार बंद केले होते आणि २०२५ च्या नियमांनी ते पुन्हा किलकिले केले. जिला डॉक्टर व्हायचे होते पण होता आले नाही अशा मुलीने रुग्णालयाच्या ओढीने या शाखेत जाऊ नये, असे माझे मत आहे. तेथे ती रोज त्याच गोष्टीची आठवण काढत बसेल. ती ओढ नसेल तर रुग्णालयातील कामासारखे समाधान दुसऱ्या कोठे नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात कोणता जिवाणू आहे आणि कोणते औषध अजून त्याच्यावर चालते, हे दिवसभर आधी कळण्याने उपचाराची दिशा बदलते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फीविषयी पेट्रीबशी यांनी लिहिलेले आमच्या येथील महाविद्यालयात चौकशी करून पाहिले, तसेच आहे. दोन शंका उरतात. संशोधनात जायचे असेल तर घरून किती वर्षे पैसे पुरवावे लागतात? आणि सरकारी नोकरीचा काही मार्ग आहे का?

मांडवीतीर

संशोधनाविषयी मी सांगू शकते. मी मूळची सावंतवाडीची, गोवा विद्यापीठात सागरी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली आणि सध्या पीएच.डी. करते आहे.

घरून पैसे पुरवण्याची गरज एम.एस्सी.पर्यंतच असावी, हे उद्दिष्ट ठेवावे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही अशा फेलोशिप आहेत. मात्र नेटमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र हा वेगळा विषय नाही, ‘जीवविज्ञान’ आहे. त्यात परिस्थितिकी, वनस्पतींची शरीरक्रिया, प्राण्यांचा भ्रूणविकास असे सगळे येते आणि पदवीला प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राकडे पाठ फिरवलेली आमच्यासारखी मुले तेथे अडखळतात. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या जीवविज्ञान प्रश्नपत्रिकेत मात्र सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग निवडता येतो, पण रसायनशास्त्र सक्तीचे आहे. म्हणून पहिल्या वर्षापासून रसायनशास्त्र सोडू नये. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. ती अध्यापनासाठी चालते, तिच्यावर फेलोशिप मिळत नाही.

संशोधनाच्या जागांच्या दृष्टीने आपण भाग्यवान आहोत. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत प्लेगच्या काळात १८९९ मध्ये सुरू झालेली हाफकिन संस्था, इकडे दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा ते रंगवणारे मीठप्रेमी सूक्ष्मजीव आघारकर संस्थेतील लोकांनीच ओळखले. माझे स्वतःचे काम खाजणातील (खाडीकाठच्या खारट जमिनीतील) मिठागरांच्या चिखलावर आहे. भरती-ओहोटीची वेळ पाहून पहाटे नमुना आणायचा, त्याच दिवशी तो लावायचा आणि मग जे जिवाणू बशीवर वाढायला नकार देतात त्यांची मनधरणी करायची, असे ते काम असते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात आणि फेलोशिप पाच वर्षांची असते. शिवाय ती वेळेवर खात्यात जमा होतेच असे नाही, तेव्हा घरी थोडी तजवीज असावी.

वाळूज_नाका

सरकारी नोकरीबद्दल. अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी जी शैक्षणिक अर्हता आहे तिच्यात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी समाविष्ट आहे आणि राज्यात ही भरती एमपीएससीमार्फत होते. रसायनशास्त्राच्या मुलांना तेथे एम.एस्सी. लागते, तुम्हाला बी.एस्सी. पुरते, ही गोष्ट फारच थोड्या मायक्रोच्या मुलांना माहीत असते. जागा मोजक्या निघतात आणि कधी निघतील याचा नेम नाही, म्हणून नोकरी करत तयारी करणे बरे. पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळांतही जागा असतात. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात आढळू नये असे भारतीय मानक आहे, आणि ते पाहणारा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात लागतो. पण तेथील बहुतेक भरती कंत्राटी स्वरूपाची झाली आहे. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर प्रयोगशाळांत घाईने घेतलेली कितीतरी मुले लाट ओसरल्यावर घरी बसली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

ऑटोक्लेव्ह१२१

कृष्णाकाठ यांनी ‘कोणता निर्णय कधी’ असे सुरुवातीला विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. माझ्या मते खरा निर्णय प्रवेशाच्या वेळी नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घ्यावा लागतो. तोपर्यंत मुलीला प्रयोगशाळेत उभे राहायला आवडते की पुस्तकातला विषयच आवडतो, हे तिचे तिला कळलेले असते. संशोधन हवे असेल तर त्या सुट्टीपासून जीवविज्ञानाची सर्वांगीण तयारी सुरू करावी. उद्योग हवा असेल तर तीच सुट्टी एखाद्या आसवनीत, दूध संघात किंवा औषध कंपनीत बिनपगारी का होईना काढावी. तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर विचार करू म्हणणारी मुले मिळेल त्या एम.एस्सी.ला जातात आणि दोन वर्षांनी त्याच प्रश्नापाशी येऊन उभी राहतात.

फार्मसीशी तुलना करायची तर, बी.फार्म. चार वर्षांचे असते आणि त्याला स्वतःचे दुकान टाकण्याचा परवाना मिळवून देणारी नोंदणी असते; सूक्ष्मजीवशास्त्राला अशी कोणतीही नोंदणी नाही. ज्या घराला ती सुरक्षितता हवी आहे त्यांनी फार्मसीचा विचार गंभीरपणे करावा.

कृष्णाकाठ

नोंदणीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता, तो मुलीसमोर ठेवला. तिला दुकान टाकायचे नाही असे तिने तेथल्या तेथे सांगितले. मळी_आणि_मद्यार्क यांना एक विनंती आहे. गळीत हंगाम सुरू झाल्यावर बारावी झालेल्या मुलीला आसवनीची प्रयोगशाळा नुसती पाहता येईल का, आणि त्यासाठी परवानगी कोणाकडे मागावी?

मळी_आणि_मद्यार्क

येईल. आसवनी उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली असते, त्यामुळे थेट गेटवर येऊन उपयोग नाही. महाविद्यालयात प्रवेश झाल्यावर विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे पाठवा आणि सोबत आणखी चार-पाच विद्यार्थी असतील तर त्यांची नावेही घाला, म्हणजे एका भेटीत सर्वांचे काम होईल. दिवाळीनंतरचा काळ बरा, तोवर फर्मेंटर नियमित चालू झालेले असतात. पायात बूट असावेत आणि मोबाईल गेटवर ठेवावा लागेल, एवढे तिला सांगून ठेवा.